मेलेला उठून भांडतो तोवर

सोयाबीन निघालं, कापसाची बोंडं फुटू लागली आणि तूर छातीला लागली, की यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या शिवारात जागलीचे दिवस सुरू होतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचं वावर उलथून टाकतो. रोही, म्हणजे नीलगायी, तुरीत शिरले तर सकाळी नुसते खुंट उरतात. म्हणून धुऱ्याधुऱ्यानं जुन्या लुगड्यांचं कुंपण बांधलेलं दिसतं. ज्यांना झेपतं ते झटका मशीन बसवतात, ज्यांना झेपत नाही ते टॉर्च, काठी आणि पत्र्याचा डबा घेऊन मचाणावर बसतात. अलीकडे काहींच्या हातात प्लास्टिकच्या पाइपाची बंदूकही असते. तिच्यातून गोळी सुटत नाही, नुसता मोठा आवाज होतो. वानरं आणि डुकरं पांगवायला तेवढा पुरतो.

ही माणसं पहाटे घरी येतात तेव्हा पोरं झोपलेली असतात, पण संध्याकाळी ती निघतात तेव्हा जागी असतात. बाप कशाची तयारी करतो, कशाला घाबरतो, कोणावर चिडतो, हे सगळं ती ओट्यावर बसून पाहत असतात. माझ्या भाच्याची पहिली बंदूक या पाहण्यातून आली. वाळलेल्या पऱ्हाटीचा एक फाटा, एक बाजू लांब, एक आखूड. त्याचा बाप, माझा दादा, जागलीला निघाला की हा अंगणाच्या फाटकाशी उभा राहून रस्त्याकडे ती रोखायचा आणि तोंडानं ‘ठो’ करायचा.

‘काहून रे, कोणाले मारतं?’ मी विचारलं.

‘मारत नाही आत्या, रोही हाकलून राहिलो. बाबा गेले ना, आता घर मले पाहा लागते.’

वहिनीनं ती बंदूक दोनदा मोडून चुलीत घातली. तिसऱ्यांदा त्यानं तुराटीची केली. वहिनी पुन्हा मोडणार होती, तेव्हा मी मध्ये पडले आणि आमच्या घरात हा वाद सुरू झाला. मुलाच्या हातात बंदूक असावी का, खेळातली का होईना, यावर आम्ही दोघी अजून पूर्णपणे एका मताच्या नाही. पण वहिनीच्या नकारामागे जे आहे ते मला माहीत आहे आणि ते हलकं नाही.

तिचं माहेर राळेगाव तालुक्यातलं. कळंबला लागूनच तो तालुका. २०१६ पासून दोन-सव्वादोन वर्षं राळेगाव आणि पांढरकवड्याच्या त्या पट्ट्यात वाघानं माणसं मारली. तेरा बळी गेल्याचं सांगितलं जायचं. त्यातल्या बहुतेकांचा आरोप टी-१ या वाघिणीवर होता, जिला पुढे सगळ्या देशानं अवनी म्हणून ओळखलं. त्या गावांत कापूस वेचायला बाया झुंडीनं जात. संध्याकाळी पाचला दारं बंद होत. पोरांना शाळेत पाठवायचं की नाही हा रोजचा प्रश्न होता. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती गोळीनं मेली. दिवाळी पाच दिवसांवर होती. आसपासच्या गावांत फटाके फुटले, पेढे वाटले गेले. मुंबई-दिल्लीत लोक मेणबत्त्या घेऊन तिच्यासाठी उभे राहिले. दोन्हीकडचं रडणं-हसणं खरं होतं असं मी मानते. ज्यांच्या शेजारची बाई वावरात फाडलेली सापडली त्यांनी पेढे वाटले, म्हणून त्यांना क्रूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण त्या वाघिणीची सुमारे दहा महिन्यांची दोन पिल्लं जंगलात राहिली होती. त्यातल्या मादीला डिसेंबरात पकडून पेंचच्या कुंपणात नेलं. मार्च २०२१ मध्ये जंगलात मोकळं सोडल्यावर थोड्याच दिवसांत ती मेली. वहिनी म्हणते, ‘ताई, त्या रात्री गोळी सुटली म्हणून आमच्या गावाले झोप लागली, हे मी नाकारत नाही. पण बंदूक चालली की काही तरी असं संपते का ते मागं घेता येत नाही. ते खेळात कसं आणू?’

या प्रश्नाला माझ्याकडे असलेलं उत्तर मला मुलांनीच दिलं. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतली पोरं ‘वाघ आणि बंदूकवाला’ खेळत असत. भाचा तेव्हा जन्मलाही नव्हता. ही त्याच्याआधीची पोरं. कडुनिंबाखाली एक जण वाघ होऊन दबा धरून बसायचा, दोघंतिघं काठ्या खांद्याला लावून यायची, बाकीचे गावकरी. गोळी सुटली की वाघानं पडायचं असा नियम. पण वाघ कधीच सरळ पडला नाही.

‘मेला ना बे तू! पड!’

‘मले लागलीच नाही. झाडाले लागली.’

‘खोटं बोलून राहिला हा. मी दोन हातांवरून मारली.’

मग सगळा खेळ थांबायचा. पंच कोण, झाड मध्ये होतं की नव्हतं, वाघाला किती गोळ्या लागायला पाहिजेत, यावर दहा मिनिटं भांडण. शेवटी ठरायचं, चल, आता मी वाघ, तू बंदूकवाला. मेलेला वाघ अंगावरची माती झटकून उठायचा आणि काठी मागायचा. मी ओसरीत तांदूळ निवडत हे पाहत होते आणि मला दिसलं, की गोळी सुटणं हा या खेळाचा अगदी थोडा भाग आहे. बाकीचा सगळा वेळ ते एकमेकांशी ठरवत असतात. मरायचं की नाही हे मरणाऱ्याला विचारावं लागतं. तो नाही म्हणाला तर खेळ पुढे जात नाही. आणि मेला तरी त्याचा पुढचा डाव त्याचाच असतो. खऱ्या बंदुकीत यातलं काहीही नसतं, आणि मुलांना ते पक्कं ठाऊक असतं. नसतं ठाऊक तर वाघ झालेलं पोरगं हसत पडलंच नसतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लाकडाचे नंदीबैल सजवून, झूल घालून पोरं दारोदार नेतात, बोजारा मागतात. कित्येक घरांत आता खरी बैलजोडी उरलेली नाही, नांगरटी ट्रॅक्टरनं होते, तरी लाकडाचा बैल पोरासाठी घेतलाच जातो. त्याला आपण म्हणतो, शेतकऱ्याच्या मुलाला बैलाची ओळख हवी. मग जागलीला जाणाऱ्याच्या मुलाला जागलीची ओळख त्याच्या खेळातून होत असेल, तर तेवढीच काठी का खुपावी? घरातली मोठी माणसं ज्यानं पोट भरतात आणि ज्याची भीती बाळगतात, ते दोन्ही मूल हातात घेऊन पाहतं. पऱ्हाटीची बंदूक मोडून चुलीत घातली तर बाहेर रोही आहेतच, आणि बाप रात्री घरात नाही हेही आहेच. मुलाच्या हातातून फक्त त्याचं उत्तर जातं.

हा वाद काही आमच्या गल्लीत जन्मला नाही. साकी या टोपणनावानं लिहिणाऱ्या हेक्टर ह्यू मन्रो या इंग्रज लेखकाची ‘शांततेची खेळणी’ अशा अर्थाच्या नावाची एक कथा आहे. १९१४ मध्ये इंग्लंडात शांतता मंडळवाले म्हणू लागले होते, की मुलांना शिपाई आणि तोफा देऊ नका, नागरी जीवनाची खेळणी द्या. कथेतला मामा तशी खेळणी आणतो: विचारवंतांच्या आणि समाजसेवकांच्या बाहुल्या, नगरपालिकेची कचराकुंडी. थोड्या वेळानं पाहतो, तर भाचरांनी त्याच बाहुल्यांचं सैन्य केलेलं असतं आणि लाल शाईचं रक्त सांडलेलं असतं. पुढे महायुद्ध पेटलं, मन्रो वय उलटून गेलेलं असताना सैन्यात गेला आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गोळी लागून मेला. त्याच्या देशातल्या ज्या लक्षावधी तरुणांनी त्या युद्धात गोळ्या झाडल्या, त्यांना युद्धावर शिशाच्या शिपायांनी नेलं नव्हतं. सरकारांनी नेलं होतं. स्वीडनमध्ये १९७९ साली खेळणीविक्रेत्यांनी आधुनिक युद्धाची खेळणी विकणं स्वेच्छेनं थांबवलं, त्याबद्दल मला आदर वाटतो. इंग्लंडमधल्या बालशिक्षिका पेनी हॉलंड यांनी २००३ मध्ये उलट बाजू मांडली. बालवाड्यांतली बंदूकबंदी सैल केल्यावर खेळ सुरुवातीला वाढला, पण नंतर त्याला गोष्टी फुटल्या, पात्रं आली, असा त्यांचा अनुभव. बंदी होती तेव्हा पोरं लपवायला शिकत होती. मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण ते कडुनिंबाखाली पाहिलेल्या खेळाशी जुळतं.

काठीच्या बाजूनं मी उभी राहते ती मात्र एका अटीवर, आणि त्या अटीत मला तडजोड मान्य नाही. खेळात मेलेला उठून भांडला पाहिजे. ज्या वस्तूनं तो उठू शकणार नाही, ती दुकानात कितीही रंगीत पेटीत ठेवलेली असो, मी तिला खेळणं म्हणणार नाही.

माघातल्या गणेश जयंतीला चिंतामणीच्या दर्शनाला आमच्या गावात मोठी गर्दी लोटते. देऊळ जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून जायचं, आत कुंड. गणपतीनं अंकुशाच्या टोकानं तिथलं पाणी उघडलं आणि शापानं गांजलेला इंद्र त्या पाण्यानं बरा झाला अशी इथली कथा. ‘आपल्या देवांच्याच हातात शस्त्रं, मग पोरांना काय नाही म्हणायचं,’ असं मला ज्यांनी ऐकवलं त्यांना मी या कुंडाची आठवण देते. आमच्या गणपतीचा अंकुश पाण्यासाठी चालला. पण देवळाबाहेर रांगेनं मांडलेल्या पाट्यांवर छर्ऱ्यांच्या बंदुका असतात. काळ्या, जड, हुबेहूब. सोबत प्लास्टिकच्या पिवळ्या छर्ऱ्यांची पुडी. १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली आहे. मी उचलून पाहिलेल्या पेट्यांवर ती नव्हती. हा छर्रा डोळ्याला लागला तर आत रक्त उतरतं, दृष्टी जाऊ शकते. ज्याला लागला तो ‘मले लागलीच नाही’ असं म्हणू शकत नाही. भांडायची त्याची पाळीच येत नाही.

आणि ती जागलीवाल्यांची पाइपाची बंदूक. २०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात ती खेळणं म्हणून विकली गेली. आत कॅल्शियम कार्बाइडचा खडा टाकायचा, थोडं पाणी, की ॲसिटिलीन वायू तयार होतो, आणि गॅसच्या लायटरची ठिणगी दिली की स्फोट. दीड-दोनशे रुपयांना मिळायची, मुलं मोबाइलवर पाहून घरीही करायची. ठिणगी देऊनही आवाज झाला नाही, की मूल काय करणार? नळीत डोकावून पाहणार. तेवढ्यात ती फुटायची. भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर, जबलपूर, सगळीकडून मुलं डोळे धरून दवाखान्यात आली. शंभराहून अधिक जखमी, काहींची दृष्टी कायमची गेली. मग बंदी आली, दुकानदारांना अटका झाल्या. ती बातमी वाचताना माझ्या पोटात गोळा आला, कारण तीच बंदूक आमच्या वावरात मचाणावर ठेवलेली असते. जागलीचं हत्यार आणि पोराचं खेळणं यांत अंतर राखणं हे बापाचं काम आहे, दुकानदारावर आणि कलेक्टरवर ते टाकून चालणार नाही. दादाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं, घरी आणू नको, आणलीस तर कुलपात ठेव. तो आधी म्हणाला, ‘पोरगं हात लावत नाही.’ मग थोडा वेळ गप्प राहिला आणि कुलूप आणलं.

हुबेहूब दिसणाऱ्या बंदुकीबद्दलही मला हेच म्हणायचं आहे. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात २२ नोव्हेंबर २०१४ रोजी तामिर राइस हा बारा वर्षांचा मुलगा बागेत छर्ऱ्यांची बंदूक घेऊन खेळत होता. तिकडे खेळण्याच्या नळीला नारिंगी टोक लागतं. त्याच्या बंदुकीचं ते निघालेलं होतं. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांत एका पोलिसानं गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी तामिर गेला. तो काळा होता, हे त्या गोळीमागचं मोठं कारण आहे असं तिथले लोक म्हणतात आणि मला ते खरं वाटतं. आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. पण नकली पिस्तूल दाखवून लुटल्याच्या बातम्या आपल्याही पेपरात येतात, म्हणजे समोरच्याला खरं-खोटं कळत नाही हे इथेही तितकंच खरं. पऱ्हाटीच्या फाट्याला कोणी खरी बंदूक समजत नाही. त्यातली बंदूक मुलाच्या मनात असते आणि मन बदललं की तीच काठी घोडा होते, नाही तर क्रिकेटचा स्टंप.

मला मुलांच्या ठोठोपेक्षा जास्त भीती कशाची वाटते तेही सांगते. पंधरा-सोळा वर्षांची पोरं वाढदिवसाला भर रस्त्यात तलवारीनं केक कापतात, त्याचे व्हिडिओ फिरतात, मग शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदवले जातात. महाराष्ट्रात असं न घडलेला जिल्हा नसेल. यवतमाळच्या बातम्यांत कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, हा शब्द आता कोणाला अडत नाही. या पोरांच्या हातातलं शस्त्र खेळायला नसतं, दाखवायला असतं. समोरच्यानं घाबरून गप्प बसावं म्हणून असतं. तिथे कोणी ‘मले लागलीच नाही’ म्हणून भांडत नाही, डाव बदलत नाही. आणि त्या पोरांना हे कोणी शिकवलं? लहानपणीच्या काठीनं नाही शिकवलं. चौकातल्या फलकावर ज्याच्या मागे चार बंदूकधारी उभे असतात त्याला आपण वाकून नमस्कार करतो, ते त्यांनी पाहिलं. सहा वर्षांच्या पोराची तुराटी मोडायला आपले हात पटकन चालतात. फलकाखालून जाताना आपण काय म्हणतो, तेही तेच पोरगं ऐकत असतं.

२८ फेब्रुवारी २०२४ पासून कळंबहून वर्ध्याला रेल्वे धावते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावाला ब्रॉडगेजची गाडी म्हणजे किती वर्षांची वाट पाहणं होतं! भाच्याला त्या गाडीत बसवायचं म्हणून मी त्याला सेवाग्रामला नेलं. भिडी, देवळी, वर्धा, पुढे ऑटो. तिथल्या आश्रमात गांधीजींच्या वस्तूंमध्ये साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे. १९३६ मध्ये गांधीजी राहायला आले तेव्हा त्या माळावर सापविंचू पुष्कळ होते. साप मारायचा नाही, चिमट्यानं धरून पिंजऱ्यात घालायचा आणि दूर नेऊन सोडायचा, अशी तिथली रीत. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम उभी राहिली. मुलांच्या हाती टकळी आली, फावडं आलं. हे सांगणाऱ्या पाटीसमोर मी बराच वेळ उभी होते. भाच्याला टकळीत रस नव्हता. तो चिमट्यापाशी खिळला.

‘आत्या, साप सोडून दिला तर तो वापस येत नाही काय?’

‘येत असंन.’

‘मग?’

‘मग पुन्हा धरायचा.’

‘रोही पण असेच धरता येतात काय?’

मी त्याला खरं ते सांगितलं. रोही एवढा मोठा, की चिमट्यात येत नाही. तुझे बाबा त्याला आवाजानं हाकलतात कारण त्यांना तो मारायचा नसतो, तूर वाचवायची असते. आणि कधी कधी माणसं जनावराला मारतातही. येताना गाडीत मी त्याला त्याच्या आजोळच्या वाघिणीची गोष्ट सांगितली, माणसं कशी मेली, गावं कशी भ्यायली, तिला कशी मारली, पिल्लांचं काय झालं, सगळं. लहान आहे म्हणून शेवट बदलला नाही. त्यानं पिल्लांबद्दलच जास्त विचारलं. ज्या घरात मुलाला बंदूक खेळू द्यायची आहे, त्या घरात कोणी तरी मोठ्या माणसानं त्याला खऱ्या बंदुकीनं काय होतं हे एकदा नीट बसून सांगायला हवं, आणि मी ते करणार हे मी वहिनीला कबूल केलं होतं.

घरी आल्यावर त्यानं बांबूच्या दोन कामट्यांचा चिमटा केला आणि आठवडाभर अंगणातल्या चपला, दोऱ्या, पाण्याचा पाइप असे साप धरून विहिरीपलीकडे सोडून आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तुराटी खांद्यावर होती. वहिनीनं ती मोडली नाही.

या दिवाळीला त्यानं टिकल्यांचं पिस्तूल मागितलं. वहिनी दोन दिवस काही बोलली नाही. मग स्वतः बाजारात गेली, लाल प्लास्टिकचं, लांबूनही खेळणंच दिसणारं पिस्तूल आणि टिकल्यांची एक डबी घेऊन आली. तिच्या अटी होत्या: टिकल्या ती काढून देणार, कोणाच्या कानाजवळ वाजवायचं नाही, तोंडाकडे रोखायचं नाही, आणि ती अंगणात बसलेली असेल तेव्हाच. भाच्यानं सगळं मान्य केलं आणि पहिल्याच टिकलीला गल्लीतल्या पोरांशी कोण मेलं यावर भांडण झालं. वहिनी भांडण सोडवायला उठली नाही.

भाऊबीजेला नात्यातल्या एकानं शहरातून त्याच्यासाठी मोठी पेटी पाठवली. आत छर्ऱ्यांची काळी बंदूक, दुर्बिणीसकट. वहिनीनं पेटी उघडून पाहिली, बंद केली आणि कुरिअरची पावती शोधू लागली.

‘परत पाठवतं काय?’ दादा म्हणाला. ‘पाव्हण्याले राग येईन.’

‘येऊ द्या,’ वहिनी म्हणाली, आणि पेटीवर दोरी आवळली.